दिग्रसच्या प्रदर्शनात फुटलेला पोळा

चिपळूणहून दिग्रसला जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र बसून बसून पाहायचा. गाड्या बदलत अकोल्याला पोचले आणि तिथून एसटी धरली. ही एसटी प्रत्येक फाट्यावर अशी थांबत होती, की तिचं माहेर तिथेच असावं. बाहेर काळी जमीन, शेताशेतात तुरीच्या पेंढ्यांचे ढीग आणि रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस. जिनिंगला जाणाऱ्या गाड्यांतून उडून तो तिथे लटकतो, हे शेजारच्या बाईंनी सांगितलं. मग त्यांनी मुख्य विषयाला हात घातला.

"कोनाच्या घरी चालल्या?"

"लेकीकडे."

"पाहुनचाराले?"

"नाही हो, भांडण मिटवायला."

बाई एकदम खूश झाल्या. दिग्रस येईपर्यंत त्यांनी मला स्वतःच्या घरातली सगळी भांडणं सांगून टाकली. माझा डोळा लागला तेव्हा दंडाला धरून उठवून सांगितली.

तर आमचं भांडण असं. माझी मेघना दिग्रसजवळच्या तांड्यात (बंजारा समाजाच्या वस्तीत) दिली आहे. तिचे सासरे परसरामजी, म्हणजे माझे व्याही, यांच्याकडे पाखऱ्या आणि हऱ्या अशी बैलजोडी. जावई प्रवीणराव यांना छोटा ट्रॅक्टर हवा आणि त्यासाठी जोडी विकायची. बापलेकांनी बोलणं सोडलं होतं. एकाच पंगतीला बसून "मेघना, त्यांना सांग मीठ सरकवा" असं चालायचं. शेवटी मेघनानेच तोड काढली. दिग्रसला कृषी प्रदर्शन भरणार होतं, त्यात उत्तम बैलजोडीची स्पर्धा होती. जोडीचा नंबर आला तर ती घरात राहील, ट्रॅक्टरचं नाव काढायचं नाही. नंबर नाही आला तर पुढच्या आठवड्यात जोडी बाजारात. दोघांनी एकमेकांना शब्द दिला, तोही मेघनामार्फत. मग ती मला म्हणाली, "आई, तू ये. पाहुण्यांसमोर तरी ते नीट वागतील." म्हणजे मी तिथे चाललेली शांतता समिती होते, सदस्यसंख्या एक.

तांड्यात पोचले तर व्याहीबुवा अंगणातच उभे. "आवो, बेसो," (या, बसा) म्हणाले, पण मला बसू काही दिलं नाही. चहा नंतर, आधी गोठा.

मला बैलांची भीती वाटते, हे मी लग्नाच्या बोलण्यांत लपवून ठेवलं होतं. पाखऱ्या पांढरा, अंगावर तांबडे ठिपके. हऱ्या जरा सावळा आणि तोंडावर कायम कंटाळा. पाखऱ्याने माझ्या पदराचा वास घेतला आणि मी खांबाला पाठ लावली.

"भेऊ नका, ईनबाई (विहीणबाई)," व्याही म्हणाले. "आमचे आजे-पणजे बैलाच्या पाठीवर मीठ लादून मुलूख फिरत. लदेनी म्हन्त त्याले. आन् आमचं पोट्टं म्हन्ते, बैल इका आन् डिझेल पाजा. पोळ्याच्या आदल्या दिवशी मी याइचे खांदे लोन्यानं मळतो, आन् कानात सांगतो, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. ट्रॅक्टरच्या कानात काय सांगू? कान कुठी हाय त्याले?"

मी म्हटलं, "आरसे असतात." व्याहीबुवा हसले नाहीत. बैलांच्या बाबतीत ते हसत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

सकाळी प्रवीणराव आणि मी प्रदर्शनाला गेलो, व्याही जोडी घेऊन आधीच निघाले होते. माझ्या विहीणबाई, म्हणजे मेघनाच्या सासूबाई, पहाटेच गेल्या होत्या, त्यांच्या बचत गटाचा पुरणपोळीचा स्टॉल होता. उद्घाटनाचे पाहुणे यायचे होते, त्यामुळे मोठं दार बंद, दारावर आंब्याच्या पानांचं लांबलचक तोरण आणि त्यालाच बांधलेली लाल फीत. लोक मात्र कुंपणाच्या फटीतून कधीचे आत गेले होते. प्रवीणरावांनीही मला त्याच फटीतून नेलं. साठीच्या पुढे कुंपण ओलांडायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं, पण साडी न फाटता पार झाले, हे इथे नोंदवून ठेवते.

आत पहिलीच भेट गुलाबी बोंडअळीची. माणसाहून उंच कापडी अळी, पोटावर लिहिलेलं, "मला वेळीच ओळखा". कपाशीच्या बोंडात ही कशी शिरते, वाळलेल्या पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) शेतात ठेवल्या तर ती पुढच्या हंगामापर्यंत कशी मुक्काम ठोकते, हे सगळं फलकावर चित्रं काढून समजावलेलं होतं. मी मन लावून वाचत होते, तेवढ्यात अळीने मलाच विचारलं, "काकू, जरा हा कप धरता का? हात बाहेर निघून नाई राह्यला." आत माणूस होता आणि त्याला चहा प्यायचा होता. मी बोंडअळीला चहा पाजला. पाहा म्हणावं, आमच्या भिशीत कुणाच्या वाट्याला हे आलंय का.

पुढे माती परीक्षणाचा स्टॉल. तिथल्या मुलीने फार छान सांगितलं. नमुना घेताना बांधाजवळची माती घ्यायची नाही, झाडाखालची नाही, शेणखताचा ढीग होता तिथली तर नाहीच. शेतभर नागमोडी फिरून ठिकठिकाणची घ्यायची आणि एकत्र करायची. मी विचारलं, आमच्या कोकणात मातीऐवजी दगडच निघतो, त्याचं काय करू? ती म्हणाली, "घर बांधा." मला ही पोरगी आवडली.

मग फवारणीचा ड्रोन. "आई, पाहा आता," म्हणत प्रवीणरावांनी मला चांगली पुढची जागा मिळवून दिली. ड्रोन उठला, धुरळा उठला, माझा पदर उठला आणि वरून पाण्याची बारीक फवारणी सुरू झाली. औषध नव्हतं, नुसतं पाणी, असं चालवणारा पुन्हा पुन्हा सांगत होता. माझ्यावर कीड पडणार नाही, एवढी खात्री घेऊन मी तिथून निघाले.

प्रवीणरावांचा खरा जीव ट्रॅक्टरच्या मंडपात होता. लाल रंगाचा छोटा ट्रॅक्टर, त्याला झेंडूचा हार. पुढे टेबलावर पूजेचं ताट तयार, कुंकू, अक्षता, पाण्याचा तांब्या, नारळ. जो आज गाडी नक्की करील त्याच्या हातून पूजा. एजंट भलता गोड होता. मी नुसती टायरला टेकले तर "बसा ना, काकूजी, चालवून पाहा" म्हणाला.

प्रवीणराव हळूच मला म्हणाले, "आई, मी काही बैलांचा वैरी नाही. पण बाचे गुडघे गेलेत. वखरामागं (कुळवामागं) चालता येत नाही, रात्री कण्हतात, आणि सकाळी मला म्हणतात, कोन कन्हत होतं? तूच अशीन."

माझ्याही गुडघ्यांना अशीच सवय आहे. मी मनातल्या मनात ट्रॅक्टरच्या बाजूला सरकले, हे कबूल करते.

तेवढ्यात पाहुणे आल्याची घोषणा झाली आणि आम्ही दाराकडे पळालो. स्पर्धेतल्या जोड्या दाराबाहेर तोरणाखाली ओळीने उभ्या केल्या होत्या. फीत कापली की त्यांनी मिरवत आत यायचं आणि रिंगणात परीक्षकांपुढे उभं राहायचं, असा बेत. बाकीच्यांनी बैल नुसते धुऊन आणले होते. आमच्या व्याह्यांनी पाखऱ्या-हऱ्याला पोळ्याचा सगळा साज चढवला होता. शिंगं रंगवलेली, अंगावर आरशांची झूल, गळ्यात घुंगरांच्या माळा. त्यांचा नंबर येणार यात मला शंका राहिली नाही, आणि काय सांगू, वाईटही वाटलं नाही. मघाशी ट्रॅक्टरकडे सरकलेली मी, परत अर्धी इकडे आले.

वाजंत्री वाजायला लागली. पाहुण्यांनी कात्री चालवली. फीत तुटली, आणि तिच्यासोबत आंब्याचं तोरणही खाली आलं.

इथे वाचकांना एक सांगायला हवं. इकडे पोळ्याला गावातले बैल असेच सजवून तोरणाखाली उभे करतात. तोरण तुटलं की पोळा फुटला. मग बैल आधी आपल्या घरी जातात, तिथून घरोघर. प्रत्येक दारात त्यांच्या पायांवर पाणी, कपाळाला कुंकू आणि तोंडात पुरणपोळी. बैल घेऊन येणाऱ्याला बोजारा (ओवाळणी) मिळतो.

तोरण तुटलं आणि व्याहीबुवांनी कासरा सोडला. आयुष्यभर त्या क्षणाला त्यांचा हात उघडत आला होता, तसा तो उघडला. ते स्वतःच आपल्या रिकाम्या हाताकडे पाहत राहिले. पाखऱ्या-हऱ्या पाहुण्यांना वळसा घालून, अगदी शिस्तीत, प्रदर्शनात शिरले.

"पोळा फुटला," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, आणि लोकांनी आपोआप वाट करून दिली. बैलांना कोण अडवणार?

पहिलं दार त्यांना विहीणबाईंचं दिसलं. त्यांनी कपाळाला हात लावला, पण दोघांना एकेक पुरणपोळी घातली. "आता पोळाच समजून राह्यले ते, उपाशी कसे लावू?" असं त्या नंतर म्हणाल्या. झालं. बैलांची खात्रीच पटली. त्यानंतर ते एकेका स्टॉलपुढे जाऊन उभे राहू लागले. बियाण्यांच्या स्टॉलवाल्याने हात जोडले, तो सुटला. माती परीक्षणवाल्या मुलीने तांब्याभर पाणी त्यांच्या पायांवर घातलं. बोंडअळी टेबलामागे लपली. मागून व्याही लंगडत येत होते, त्यांच्यामागे मी. माईकवरून रिंगणातली हाक ऐकू येत होती, "परसरामजींची जोडी, हजर व्हा. परसरामजींची जोडी." मग दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलं गेलं.

व्याही थांबले. "गेला नंबर," म्हणाले. मला त्यांच्याकडे बघवेना.

जोडी तोवर ट्रॅक्टरच्या मंडपापुढे जाऊन उभी राहिली होती. प्रवीणराव आमच्या आधी, दुसऱ्या वाटेने तिथे पोचले होते. टेबलावर ताट तयार. बैलांनी ताटाकडे पाहिलं, प्रवीणरावांकडे पाहिलं आणि हलेचनात. लहानपणापासून दर पोळ्याला त्यांना घरोघर नेणारा हाच. आज हा दारात उभा, मग पूजा यानेच करायची, एवढा साधा हिशेब.

प्रवीणरावांनी तांब्या उचलला. पायांवर पाणी घातलं. कुंकू लावलं, अक्षता लावल्या आणि वाकून नमस्कार केला. एजंट म्हणाला, "साहेब, ते गाडीचं ताट हाय." कुणी लक्ष दिलं नाही.

व्याही पुढे झाले. कित्येक दिवसांनी ते मुलाशी थेट बोलले. "नंबर नाई आला. शब्द म्हंजे शब्द. नेजो बाजारात."

प्रवीणरावांच्या बोटाला कुंकू तसंच होतं. ते म्हणाले, "आता कुकू लावलं म्या. कुकू लावलेला बैल बाजारात कसा नेऊ, बा? नांगरनीले ट्रॅक्टर भाड्यानं आनू. वखर मी धरतो. तुमी बांधावर बसून शिव्या देजा."

व्याह्यांनी झुलीच्या कोपऱ्याने तोंड पुसलं आणि बराच वेळ पुसतच राहिले. मग म्हणाले, "नारळ ठेवला हाय तर फोड. कायले वाया घालवतं?"

ट्रॅक्टरचा नारळ बैलांपुढे फुटला. एजंट भला माणूस, त्याने बोजारा म्हणून बापलेकांना कंपनीची एकेक टोपी दिली. संध्याकाळी जेवताना व्याही ती टोपी घालूनच बसले आणि म्हणाले, "प्रवीण, मीठ दे." मेघना उठून आत गेली. मीही तिच्यामागे गेले. दोघी रडलो, मग भाकरी करपली म्हणून हसलो.

निघायच्या दिवशी सगळे दिग्रसच्या स्टँडवर सोडायला आले. एसटी लागली, मी खिडकीशी बसले. व्याहीबुवा टोपी सारखी करत खिडकीखाली आले, टाचा उंच केल्या आणि माझ्या कानाजवळ हळूच म्हणाले, "ईनबाई, आज आवतन घ्या, पोळ्याले जेवाले या."

मागे मेघनाने डोळे मोठे केले. तिला वाटलं, आईला बैलांचं आवतण दिलं, आई आता चिडणार. चिडले नाही. गावोगावची आमंत्रणं घेतली मी, छापील पत्रिका घेतल्या, फोनवरची "या हं नक्की" घेतली. असं कानात सांगून मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. व्याहीबुवांच्या घरात यापेक्षा मोठा मान नाही, हे मी त्यांचा गोठा पाहून शिकले होते. मी नुसती मान हलवली. तेही बहुतेक बैलांसारखंच झालं.

आता पोळ्याला मी जाणार. गुडघ्यांनी काय करायचं ते करावं. मेघनाला कळवून टाकलंय, दारात पाण्याचा तांब्या भरून ठेव आणि पुरण जरा जास्त घाल.