उघड्या दाराचं जहाज

माझ्या भूगोलाच्या पुस्तकावर एक बुडालेलं जहाज होतं. म्हणजे कव्हरवर. भिलाईत तेव्हा खाकी कागद विकत कोण आणतं? पोलादाच्या प्लांटमधून रशियन इंजिनिअरांच्या मासिकांची रद्दी यायची आणि शाळा उघडायच्या आधी वसाहतीतला अर्धा सेक्टर त्या गुळगुळीत पानांत पुस्तकं गुंडाळायचा. कुणाच्या गणितावर ट्रॅक्टर, कुणाच्या हिंदीवर नाचणाऱ्या बाया. माझ्या वाट्याला समुद्राचा तळ आला. मी चिक्कार कुरकुरले. राग तेव्हाही माझ्या नाकावरच असायचा.

काळपट निळं पाणी, कुशीवर कललेलं भलंमोठं जहाज, दिवा धरलेला एक पाणबुड्या, आणि त्या उजेडात एक दार. सताड उघडं. आता टीव्हीवर असली जहाजं दाखवतात, पण मी अजून आधी दारच शोधते. सापडलं की आईची अशी आठवण येते की हातातला घास खाली ठेवावा लागतो.

आईनं तो फोटो पाहिला आणि कणकेच्या हातांनीच खाली बसली. तिचा एकुलता एक भाऊ, माझा मामा, भंडाऱ्याकडच्या गावातून मुंबईला पळाला आणि जहाजाच्या बॉयलरमध्ये कोळसा झोकायला लागला. ते जहाज बुडून तेव्हा सात वर्षं झाली होती. घरी पत्र आलं, त्यात 'ठावठिकाणा लागत नाही' एवढंच. त्या तीन शब्दांवर आई तग धरून होती. भाऊ नसलेल्या बाया भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात. आई ओवाळत नसे. रिकामा पाट मांडायची, रांगोळी काढायची आणि निरांजन विझेस्तोवर समोर बसून राहायची.

शेजारीण समजवायला आली की म्हणायची, "चंद्राले ओवाळलं म्हंजे भाऊ नाही असं म्याच कबूल केलं. कावून करू?"

त्या दिवशी तिनं मला जवळ ओढलं. "हे दार पाय. उघडं आहे ना? मंग निघाला असन तो."

"हे मामाचंच जहाज कशावरून?"

"नाही कशावरून? तुले वाचता येते का ते?"

येत नव्हतं. रशियन अक्षरं बाबांनाही येत नव्हती. तिनं कव्हर काढून देवाच्या तसबिरीमागं ठेवलं आणि माझा भूगोल तसाच उघडाबोडका शाळेत गेला. त्या पावसाळ्यात आई काम करता करता गुणगुणायला लागली. पाऊस उघडून ऊन पडल्यावर मामाला आवडतात म्हणून सांडगे घातले, ते आम्हाला हात लावू देईना.

बाबा प्लांटच्या स्टोअरमध्ये क्लार्क, माणूस सरळ. त्यांना हे बघवेना. दिवाळीच्या तोंडावर ते पान खिशात घालून दुभाष्याकडे गेले आणि संध्याकाळी चपला न काढताच सांगून मोकळे झाले. मोठं नावाजलेलं प्रवासी जहाज आहे, दुसऱ्याच समुद्रातलं. पाणबुड्यांनी कॅमेरा पेटीत बंद करून खाली नेला. आपलं नव्हे ते.

मला बाबांचा भयंकर राग आला. जरासं खोटं बोलले असते तर काय बिघडलं असतं?

आईनं एवढंच विचारलं, "याच्यातले माणसं?"

"बहुतेक निघाले. दुसरे जहाजं आले मदतीले. आठवड्याभरात घरोघरी पोचले, असं लिहून आहे."

"आठवड्याभरात," आई म्हणाली आणि भाकरी थापायला उठली. पुढं तिनं ताकास तूर लागू दिला नाही.

भाऊबीजेला पाट मांडलाच नाही. दिवेलागणीला ती ताट घेऊन अंगणात गेली. दुर्गच्या बाजूला चंद्राची कोर धुरात मळकट दिसत होती. मी मागं धावले. "आई, पाट राहिला."

"निघालेला माणूस घरी येते, पोरी," ती म्हणाली आणि तिनं चंद्राला ओवाळलं. भोकाड मीच पसरलं.

दुसऱ्या दिवशी तिनं ते पान माझ्या हातात दिलं. "घे, लाव पुस्तकाले. याच्यात आपलं कोणी नाही."

त्या उघड्या दारावर कुंकवाचं बोट उमटलेलं होतं, आणि त्यात अक्षतांचे दोन दाणे चिकटले होते. चंद्राकडे जायच्या आधी ती भावाला ओवाळून गेली होती.