तुंगव्वाची काटकसर

आमच्या गल्लीत तुंगव्वाएवढं पुरवून वापरणारं माणूस दुसरं नव्हतं. हुबळीत नळाला पाणी येतं आठवड्यानं, त्यामुळे पाणी जपायला आम्हा सगळ्यांनाच येतं. पण तुंगव्वा तांदूळ धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची आणि तेच पाणी पुन्हा दारातल्या कढीपत्त्याला घालायची. अंगाच्या साबणाचे उरलेले तुकडे दाबून दाबून त्यांची नवी वडी करायची. वांग्याचे देठ आम्ही गाईला टाकतो, तिच्याकडे त्यांची चटणी व्हायची. आणि उसनं म्हणाल तर वाटीभर साखरसुद्धा तिनं कधी कुणाकडे मागितली नाही.

मी तिच्या समोरच्याच घरात राहते. माझा नवरा फकीरप्पा रिक्षा चालवतो. तुंगव्वाचा नवरा गोव्याला बांधकामावर गेला. सुरुवातीला उगादीच्या सणाला यायचा, मग पैसे पाठवायचा, मग दोन्ही बंद झालं. ती वीरण्णाच्या खानावळीत रोट्या थापायला लागली. पहाटे अंधारात जायची, दुपारी थोडी टेकायला यायची आणि संध्याकाळी पुन्हा जायची ती गिऱ्हाईक संपेपर्यंत. तिच्या हातची ज्वारीची रोट्टी कागदासारखी पातळ आणि सुपाएवढी मोठी. मोडलेल्या रोट्या घरी न्यायला वीरण्णाची परवानगी होती. तरी मुद्दाम एकही मोडायची नाही. "मोडली तर मोडली. मोडून न्यायची म्हणजे चोरीच की," म्हणायची.

तिला एकच मुलगी, चैत्रा. अंगानं काडी, डोळे मोठे. आईनं तिला काही गोष्टी अगदी पाळण्यापासून शिकवल्या होत्या. कुणाच्या घरी कुणी खायला दिलं तर "नको" म्हणायचं नाही, "पोट भरलंय" म्हणायचं. काही हवं असेल तर मनात आठवडाभर ठेवायचं, तोवर ते नकोसं होतं. आणि मागायचं नाही. मागितलं की माणूस लहान होतो.

पोर चौथीत असताना झिजायला लागली. पाणी पी पी प्यायची, रात्री अंथरूण ओलं करायची. सरकारी दवाखान्यात नेलं तर साखरेचा आजार निघाला. तो म्हाताऱ्या माणसांना होतो एवढंच आम्हाला ठाऊक. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांनाही होतो, आणि हिला सकाळ-संध्याकाळ सुई घ्यावी लागणार, जन्मभर. औषधाची बाटली दवाखान्यातून फुकट मिळेल, साठा असेल तेव्हा. बाटली थंड ठेवायची.

तुंगव्वाकडे कुठला फ्रीज! मी म्हटलं, "माझ्याकडेही नाही, पण खानावळीत आहे की. वीरण्णाला विचार."

"नको अक्का. आज बाटली ठेव म्हणायचं, उद्या आणखी काही. मी बघते."

तिनं मोठ्या कुंडीत ओली वाळू भरली, त्यात छोटं मडकं बसवलं आणि मडक्यात बाटली ठेवली. वर ओलं फडकं. खरोखर गार राहायची. सुईवरच्या बारीक रेघा मात्र तिला दिसत नव्हत्या, अक्षराशीही ओळख नव्हती. म्हणून सुई भरायला दवाखान्यातल्या नर्सबाईंनी चैत्रालाच शिकवलं. पोर स्वतःच भरायची, स्वतःच पोटाला टोचून घ्यायची. आई खानावळीतून आल्या आल्या विचारायची, "घेतलीस?" पोर मान हलवायची. असं दोन वर्षं नीट चाललं.

त्या उन्हाळ्यात दवाखान्यात साठा संपला. तुंगव्वा गेली तर खिडकीतला माणूस म्हणाला, पुढच्या सोमवारी या. सोमवारी गेली तर म्हणाला, वरूनच माल आला नाही. दुकानातली बाटली विकत घ्यायची तर घरभाडं थांबवावं लागलं असतं, आणि घरमालक आधीच दारात उभा राहून जात होता. तुंगव्वा माझ्या ओट्यावर बसली. तिचा पाय सारखा हलत होता.

"तळाशी थोडंच राहिलंय अक्का. कसं पुरवू, तू सांग. तेल असतं तर फोडणी दिली नसती. हे कसं पुरवू?"

"अगं, वीरण्णाला सांग."

"बघू. येईल सोमवारपर्यंत."

चैत्रा दारात बसून शेंगा सोलत होती. तिनं वर पाहिलं नाही.

सोमवार आला, गेला. बाटलीत अजून औषध होतं. तुंगव्वा मला म्हणाली, "देवी द्यामव्वाची कृपा, बाटली पुरतीय बघ." पण म्हणताना तिचा चेहरा कृपा झाल्यासारखा नव्हता. मडक्याजवळ जायची, बाटली उजेडात धरायची, पुन्हा ठेवायची. घरातली पाण्याची घागर लवकर रिकामी व्हायला लागली होती. आधी तिला वाटलं, ऊन आहे. मग तिनं घागरीवर झाकण ठेवून वर पाटा ठेवला, उंदीर पितात की काय म्हणून. शेवटी एका दुपारी मला हळूच म्हणाली, "पोरीची हाडं लागतायत गं हाताला. औषध उन्हानं नासलं असेल का?"

"नासलं असेल तर ही बाटली कशाला ठेवतेस? दवाखान्यात तरी दाखव पोरीला."

"उद्या नेते. आज लग्नाची ऑर्डर आहे खानावळीत. आज नाही गेले तर वीरण्णा दुसरी बाई बघेल."

ती गेली. मी तासाभरानं तिचं सूप परत द्यायला गेले. शाळेला सुट्टी होती, दार नुसतंच लोटलेलं. चैत्रा जमिनीवर पडली होती. शेजारी ओकारी. श्वास असा चालला होता की जणू धावून आलीय, छाती भात्यासारखी वरखाली. तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास. मी हाका मारल्या, गालावर चापट्या मारल्या. तिनं डोळे उघडले, पण मला ओळखलं नाही.

फकीरप्पा जेवायला घरी आला होता. त्यानं ताटावरून उठून रिक्षा काढली. वाटेत खानावळीसमोर थांबलो. मी ओरडले, "तुंगव्वा! तशीच ये!" ती पिठानं भरलेल्या हातांनी धावत आली. रिक्षात पोरीकडे पाहिलं. पुन्हा खाली उतरली, घराकडे पळाली. मला वाटलं हिचं डोकं फिरलं. ती धापा टाकत परत आली तेव्हा ओल्या फडक्यात गुंडाळलेली बाटली पोलक्यात खोचलेली होती. रिक्षाभर पुटपुटत राहिली, "श्वास घेतीय ना? अक्का, बघ, घेतीय ना?"

दवाखान्यात पोरीला आत नेलं, दोन्ही हातांना सलाईन लावलं. एक तरुण डॉक्टरीणबाई बाहेर आल्या.

"सुया बंद केल्या होत्या का?"

"नाही बाई. दोन्ही वेळा घेते ती."

"बाटली आहे?"

तुंगव्वानं दिली. डॉक्टरीणबाईंनी बाटलीच्या कागदावर लिहिलेली, दवाखान्यानं ती दिल्याची तारीख पाहिली, बाटली उजेडात धरली, आणि त्यांचा आवाज चढला. "ही कधीच संपायला हवी होती. यात अजून औषध आहे. म्हणजे तुम्ही अर्धीमुर्धी सुई देत होता. काय हो बाई, पोटच्या पोरीच्या औषधात काटकसर?"

ओळीत बसलेली माणसं वळून पाहायला लागली. मी बोलायला तोंड उघडलं तर तुंगव्वानं माझा दंड धरला. पीठ वाळून तिच्या बोटांना भेगा पडल्या होत्या. ती एवढंच म्हणाली, "पोर वाचेल का ते सांगा. मला मग काय ते बोला."

"आज काही सांगता येत नाही."

ती भिंतीला टेकून खाली बसली. पाणी दिलं, घेतलं नाही. मला म्हणाली, "अक्का, मी नाही गं अर्धी केली. की केली? माझी मलाच खात्री वाटेना." दार उघडलं की ती उभी राहायची, दुसऱ्याच कुणाला बोलावलं की बसायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी चैत्रा शुद्धीवर आली. ओठ फुटलेले, आवाज बारीक. आईला पाहिलं आणि पहिलं वाक्य काय बोलली असेल?

"अव्वा, बाटली फुटली तर नाही ना?"

"नाही गं माझ्या आई. तू सुई घेत नव्हतीस का?"

"घेत होते की. थोडी थोडी. आधी दोन रेघा कमी केल्या, काही झालं नाही. मग अर्धी. तू म्हणालीस ना, कसं पुरवू. म्हणून मी पुरवली. सोमवारपर्यंत पुरली की नाही?"

तिच्या आवाजात, खरं सांगते, थोडा अभिमानच होता. शाबासकी मिळेल म्हणून ती आईकडे बघत होती.

तुंगव्वानं तिच्या कपाळावर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. रडली नाही. म्हणाली, "चैत्रा, ऐक. साबण अर्धा करायचा. तेल अर्धं करायचं. माझी भाकरी अर्धी झाली तरी चालेल. पण तुझी सुई अर्धी करायची नाही. घरात दिवा नसला तरी नाही. मी मेले तरी नाही. कळलं?"

"मग संपल्यावर?"

"संपल्यावर मी मागेन."

हा शब्द तिच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला.

त्याच दुपारी ती वीरण्णाच्या गल्ल्यासमोर जाऊन उभी राहिली. मी सोबत होते. पदराचं टोक बोटाला इतकं गुंडाळलं होतं तिनं की बोट पांढरं पडलं. "अण्णा, पोरीचं औषध घ्यायचंय, मला उचल पाहिजे. आणि बाटली तुमच्या फ्रीजमध्ये ठेवायचीय. आजच."

वीरण्णा जिभेनं तिखट माणूस. चष्मा वर करून म्हणाला, "काल लग्नाच्या पंगतीत रोट्या सोडून पळालीस, आज उचल मागतेस! आणि पोर आजारी आहे हे इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"मागायची सवय नाही अण्णा."

"सवय नाही म्हणे! तू कधी काही मागितलं नाहीस, मला वाटलं तुझं बरं चाललंय. मी काय मनातलं ओळखणारा स्वामी आहे?" त्यानं गल्ल्यातून पैसे काढून पुढे सरकवले. "पगारातून थोडे थोडे कापीन, फुकट समजू नकोस. आणि दह्याच्या भांड्यामागे जागा कर बाटलीला. पोरांना सांगतो, हात लावाल तर याद राखा."

बाहेर आल्यावर तुंगव्वाला घाम फुटला होता. म्हणाली, "अक्का, एवढंच होतं?" मग लगेच, "पण पुढच्या खेपेला नाही म्हणाला तर?"

ही धास्ती तिची गेली नाही. चैत्रा घरी आली, अंग धरू लागली, शाळेत जाऊ लागली. आता सुई खानावळीतच घेते, सकाळी शाळेआधी आणि संध्याकाळी. तुंगव्वा रोट्टी तव्यावर टाकून येते आणि गल्ल्यावरच्या वीरण्णाला सुईवरची रेघ वाचायला लावते. पोर चिडते, "अव्वा, माझ्यावर भरवसा नाही का?" आई म्हणते, "नाही. तू माझी मुलगी आहेस."

गेल्या महिन्यात दवाखान्याच्या खिडकीत पुन्हा तेच उत्तर मिळालं, माल नाही, सोमवारी या. तुंगव्वा घरी आली नाही. ती खिडकीखाली फरशीवर बसली. "मोठ्या साहेबांना बोलवा, नाहीतर लिहून द्या की पोरीनं सोमवारपर्यंत काय करायचं." खिडकीतला माणूस खेकसला, "बाई, उठा, रस्ता अडवू नका." ती उठली नाही. मागच्या रांगेतला एक म्हातारा काठी टेकत तिच्या शेजारी बसला, मग कडेवर मूल घेतलेली एक बाई बसली. दुपार कलायच्या आत कुठल्याशा कपाटातून बाटल्या निघाल्या.

मी तिच्याजवळच होते. तिला लाज वाटत नव्हती असं नाही. पदर पार नाकापर्यंत ओढलेला होता. पण बाटली हातात पडेपर्यंत ती जागची हलली नाही.