शेरवानीचं मूळ सांगितलं तेव्हा

एखाद्या शब्दाचं मूळ सापडलं की मला आजही गप्प बसवत नाही. कुणाला तरी गाठून ते सांगावंच लागतं. या खोडीपायी ताईचं लग्न मोडता मोडता राहिलं, असं आमच्या घरात अजून ऐकवतात, आणि ते खोटं नाही.

तेव्हा मी आदिलाबादला बी.ए. करत होते आणि बाबांच्या जुन्या फारसी कोशानं मला झपाटलं होतं. बाबा निजामाच्या काळात उर्दूतून शिकलेले, नोकरी तहसील कचेरीत. पुढे आंध्र प्रदेश झाला, फायली हळूहळू तेलुगूत गेल्या, तरी बाबांच्या तोंडी साहेबापुढच्या हजेरीला पेशी आणि फायलीला मिसल हेच शब्द राहिले. ताईचं यवतमाळकडे जमलं, तेव्हा जावयाच्या आहेरासाठी त्यांनी सुटाचं कापड न घेता शेरवानी शिवून घेतली. बदामी रंगाची, गळ्यापर्यंत बटणांची. मानाचा पोशाख म्हणजे शेरवानी, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. पैनगंगेपलीकडे ते माहीत नसेल, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी मारुतीच्या देवळात सीमांतपूजन होतं. बाबांनी नवरदेवाचे पाय धुतले, कुंकू लावलं, आहेराचं ताट पुढे केलं. नवरदेवाच्या काकांनी शेरवानीची घडी उलगडून वर धरली.

"असा कोट त आमच्याकडं बँडवाले घालतात," ते म्हणाले. "आमचा पोरगा का वाजवाले आला?"

वऱ्हाडी हसले. बाबांचा चेहरा उतरला. मला मात्र इतका आनंद झाला की आज सांगायची लाज वाटते. आठच दिवसांपूर्वी मी या शब्दाचा माग काढला होता, घरात ऐकायला कुणाला सवड नव्हती, आणि इथे पन्नास माणसं आयती बसलेली.

"काका, इराणच्या अंगाला शिरवान म्हनून मुलूख हाये," मी सुरू झाले. "नाव तिकडून आलं म्हनतात. पन कपडा तिकडचा नाई. आपल्याच अंगरख्यात इंग्रजाच्या कोटाची शिवण मिसळून तो झाला." मग बोलता बोलता मी हैदराबादला पोचले, निजामाच्या दरबारात शिरले, शेरवानीच्या कॉलरवर आले. आईनं दोनदा डोळे वटारले, पण माझी गाडी सुसाट सुटली होती.

काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "म्हंजे नाव इराणचं, शिवण इंग्रजाची," ते म्हणाले. "मंग यात तुमचं का हाये?" आणि त्यांनी ताट बाबांकडे सरकवलं.

आहेर परत करणं म्हणजे लग्नच मोडणं, हे सगळ्यांना कळलं. आईनं माझा दंड आवळला.

बाबा खाली बघून बोलले. "पोरगी म्हनते ते मले ठाऊक नाई. मी नोकरीला लागलो तवा शेरवानी नसंन त सायबापुढं जाता येत नव्हतं. आमा चार कारकुनांत एक शेरवानी होती, खुंटीवर. ज्याची पेशी, त्यानं घालाची. लई वर्सं मी दुसऱ्याच्या घामाची शेरवानी घालून हात जोडून उभा राह्यलो. जावयाला सोताची असावी म्हनून शिवली. नको असंन त राहू द्या. सकाळी सुटाचं कापड आनून देतो."

हे त्यांनी आम्हाला घरात कधी सांगितलं नव्हतं. मी शब्दाच्या मागे इराणपर्यंत जाऊन आले होते, आणि बाबांना एकदा विचारलंसुद्धा नव्हतं. मला रडू आलं.

नवरदेव उठला. काकांकडे न बघता त्यानं शेरवानी अंगात चढवली. मे महिना होता, बाह्या जरा लांब झाल्या होत्या.

"मामाजी, बटनं वरून लावाची का खालून?" त्यानं विचारलं.

"गळ्यापासून," बाबा म्हणाले आणि स्वतःच लावू लागले. एकेक करत ते खाली आले. शेवटच्या बटणासाठी ते वाकायला लागले, तेव्हा नवरदेवानं त्यांचे दोन्ही हात धरून त्यांना वर उभं केलं आणि ते बटण आपलं आपण लावलं.