कानशिलावरचा दुसरा डाग

पुतळी दिसायला बरी होती ती लखूच्या कृपेने, असं गुंद गावात सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. पहिला नवरा तापाने गेला तेव्हा ती गालफडं लोंबायला लागलेली, डोळ्यांखाली पिशव्या आलेली बाई होती. वय किती ते तिलाही ठाऊक नव्हतं. त्यातच तिला अर्धशिशीने धरलं. डोकं इतकं ठणके की ती भिंतीवर कपाळ आपटून घेई. लखू हा गावात डाग देणारा. बैल लंगडो की माणसाला कावीळ होवो, त्याचं औषध एकच. विळ्याचं टोक चुलीत लाल करायचं आणि टेकवायचं. त्याने पुतळीच्या दोन्ही कानशिलांवर, केसांच्या कडेला, डाग दिले. अर्धशिशी गेली की राहिली याची पुढे कुणी चौकशी केली नाही. कारण जखमा भरत आल्या तशी कातडी आवळत गेली, गाल वर ओढले गेले, डोळ्यांचे कोपरे टवटवीत झाले. दिवाळीला ती नवं लुगडं नेसून बाहेर आली तेव्हा बायका तोंडात बोट घालून बघत राहिल्या.

त्याच वर्षी नंदिगड्ड्याचा येसाजी तिला मागायला आला. त्याची बायको बाळंतपणात गेलेली. माणूस पुतळीहून लहान, अंगाने धिप्पाड, बोलायला तुसडा. पाट लागला. पुतळी नंदिगड्ड्याला गेली ती मनात पक्कं धरून, की हा माणूस मला माझ्या तोंडाने मिळाला. बिचारीला दुसरं काही मिळालंच नव्हतं आयुष्यात, तेव्हा या मिळकतीचा तिला गर्व चढला तर त्यात नवल नाही. केस ती कानांवर उतरवून बांधी, डाग दिसू नयेत म्हणून. मूल झालं नाही. पण येसाजीच्या शेतात ती गुडघाभर चिखलात दिवस दिवस वाकून असे, रानातून भारे आणी, जंगलखात्याच्या कामावर तो गेला की गुरं-ढोरं, घर सगळं एकटी ओढी. तरी तिला विचारलं असतं की नवऱ्याने तुला का ठेवलंय, तर तिने गालालाच हात लावला असता.

वर्षं गेली. तोंड पुन्हा उतरलं. पहिल्याने हनुवटीखाली कातडी लोंबली, मग गाल खाली आले, आणि पापण्या डोळ्यांवर येऊन बसल्या. येसाजीचंही पोट सुटलं होतं, दात पडले होते, पण त्याला कुणी तापलेला विळा दाखवायला आलं नाही. पुरुषाचं म्हातारपण घरात पाहुण्यासारखं येतं, त्याला पाट मांडतात. बाईचं आलं की घरातले सगळे दार बघायला लागतात, ती कधी जाते म्हणून.

शिमगा झाला आणि येसाजी जेवताना सहज बोलावं तसं म्हणाला, "कुळगीला एक बाई हाय. गुणा. रांडमुंड हाय, वय न्हाई फारसं. लावणीच्या आदी पाट लावून आणतो."

पुतळीच्या हातातली पळी तशीच राहिली. "आन मी?"

"तू बी ऱ्हा की. कुठं जातीस?"

राहा म्हणाला, पण कुठे, कशी, ते बोलला नाही. सवत आलेल्या घरात थोरलीचं काय होतं हे पुतळीने आजूबाजूला पुष्कळ पाहिलं होतं. ओसरीवर घोंगडं, शेवटी उरलेला भात, आणि पुढे एक दिवस भावाकडे पोचवणं. तिला भाऊ नव्हता.

दुसऱ्या दिवशी ती पितळी परात घासून उन्हात घेऊन बसली. दोन्ही हातांची बोटं कानशिलांना लावली आणि कातडी वर ओढली. परातीत जुनी पुतळी दिसली. बोटं सोडली की गेली. ओढली की आली. तेवढ्यात शेजारची केशर, तीही गुंदचीच लेक, कुंपणावरून डोकावली.

"काय अक्का, नवरीला न्हाऊ घालायच्या आदी सोताला नटवतीस व्हय?"

"लखूतात्या हाय का गं जिता?"

"हाय की. डोळं गेल्यात, हात कापतो, पर दारू सोडली न्हाई." केशरला पुढचं सगळं क्षणात कळलं आणि तिच्या तोंडाला पाणी सुटलं. गावात फार दिवसांत गंमत झाली नव्हती. "जा की अक्का. एकदा गुण आलाय न्हवं? म्हातारा देतो डाग. तुझं तोंड वर गेलं की ती कुळगीवाली बसली बोंबलत."

पुतळी गुंदला गेली. लखूने तिचं तोंड बोटांनी चाचपलं, बाजारात वांगी चाचपावीत तसं. म्हणाला, "तवा हितं मांस हुतं, पोरी. आता नुसतं कातडं हाय. वडलं जाईल, पर किती ते माज्या हातात न्हाई."

"डोळ्याला काय हुईल?"

"झालं तर हुईल."

ती परत आली. विचार करत राहिली. पाणी भरताना, धुणं धुताना, बोटं आपोआप कानशिलाकडे जात. एकदा येसाजीने पाहिलं आणि विचारलं, "माशी बसली काय?" तिने हात खाली घेतला. भीती तिला विळ्याची वाटत होतीच. पण ओसरीवरच्या घोंगड्याची जास्त वाटत होती. आणि पोटात कुठेतरी एक हावही होती, तीही सांगितली पाहिजे. तिला पुन्हा एकदा बायकांनी तोंडात बोट घातलेलं बघायचं होतं.

येसाजी सुपारी घेऊन कुळगीला निघाला त्याच सकाळी ती एक कोंबडा काखेत मारून लखूकडे गेली. तिने पदराचा बोळा दातांत धरला. उजवीकडचा डाग बरा बसला. डावीकडे म्हाताऱ्याचा हात हलला आणि विळा डोळ्याच्या कडेपर्यंत घसरला. तो म्हणाला, "हललीस तू." ती हलली नव्हती.

जखमा पिकल्या, वाहिल्या, भरल्या. उजवा गाल थोडा वर गेला, खरंच गेला. डावा इतका ओढला गेला की ओठाचा कोपरा उचलून दात दिसायला लागले, आणि डोळा मिटेनासा झाला. खालची पापणी ओढून लाल उलटी झाली. झोपेतही तो डोळा सताड उघडा. केशर बघायला आली, पदरात तोंड खुपसून परत गेली, आणि तिच्या अंगणातून खिदळणं ऐकू येत राहिलं.

येसाजीने मात्र तिला समोर बसवून नीट विचारलं, "ह्ये कशापायी केलंस?"

तिने खरं सांगितलं. तोंड चांगलं झालं तर तुम्ही दुसरी आणणार नाही, असं वाटलं.

येसाजीला हसू आलं नाही. तो चकितच झाला. "तोंडाचा काय संबंद? मी पाट लावताना तुजं तोंड बघून आलो हुतो व्हय? लखू म्हनला हुता, बाई दोन गड्यांचं काम करतीया, म्हून आलो. आता तुज्यानं चिखलात वाकवत न्हाई. गुणा वाकती."

म्हणजे पहिला डागही फुकटच गेला होता. पुतळी त्या दिवशी जेवली नाही, आणि तिला जेव म्हणून कुणी म्हटलं नाही.

गुणा आली. वाईट नव्हती, कामाची होती, पुतळीला अक्का म्हणे. पण तिने आल्या आल्या येसाजीला सांगितलं, "ती निजली हाय का जागी हाय कळत न्हाई. माज्याकडंच बघत ऱ्हाती. मला न्हाई निजायचं हितं." येसाजीने फार विचार केला नाही. भाताला कणसं धरायला लागली होती आणि रानडुकरं उतरत होती. शेतात राखणीचा उंच माळा बांधला होताच.

"तुजा डोळा मिटत न्हाई न्हवं?" तो पुतळीला म्हणाला. "मग राखणीला तूच बरी. माळ्यावर ऱ्हा. भाकरी गुणा आणून दील."

पुतळी घोंगडं घेऊन माळ्यावर गेली. तो उघडा डोळा वाऱ्याने, धुराने सुकत गेला, त्यावर पांढरं फूल पडलं, आणि भाद्रपद संपायच्या आत त्याने दिसणं बंद झालं. एका सकाळी येसाजी आला तेव्हा डाव्या अंगाचं भात तुडवून सपाट झालं होतं. त्याने खालूनच शिव्या घातल्या. "डोळा फाडून बसलीस आन डुकरं दिसली न्हाईत?"

"निजले हुते," पुतळी म्हणाली.

त्याने दोन दिवस भाकरी बंद केली. ते तिने सोसलं. त्या डोळ्याने दिसत नाही असं सांगितलं असतं, तर माळ्यावरूनही उतरावं लागलं असतं.