इंचाचा आठवा भाग

सन १९३४ च्या थंडीत आमचे मोटार ट्रान्सपोर्टचे सेक्शन सोलापूर शहराबाहेर तळ देऊन होते. मी लान्स नाईक होतो आणि माझे काम वर्कशॉपचे. इंग्रजी सहावीपर्यंत शिकलो असल्याने गाड्यांची मॅन्युअल माझ्या ताब्यात असत आणि सगळे मला मास्तर म्हणत. नाईक मल्लप्पा माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. ते अक्कलकोटकडचे, घरी कानडी बोलणारे. मी त्यांना अण्णा म्हणे. त्यांना वाचता येत नसे. पाच नंबरची हलकी लॉरी ते चालवीत. तिला पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा होता. आताची मुले तिला पिकअप म्हणतील.

दर शनिवारी आम्ही पुढच्या चाकांचे माप घेत असू. ही चाके अगदी समांतर ठेवत नाहीत. पुढच्या बाजूने ती एकमेकांकडे किंचित वळलेली हवीत, म्हणजे रस्त्याच्या ताणाने चालताना सरळ होतात. आमच्या लॉरीला हा फरक इंचाचा आठवा भाग होता. चाकांवर आसाच्या उंचीला खडूची खूण करायची, बाभळीच्या काठीने पुढचे अंतर घ्यायचे. मग गाडी अर्धा फेरा पुढे ढकलून त्याच खुणा मागे आणायच्या आणि पुन्हा मोजायचे. फरक चुकला तर दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, म्हणजे ट्रॅक रॉड, फिरवायचा. त्याची टोके आट्यांवर, म्हणजे स्क्रूसारख्या खाचांवर, बसवलेली असतात. दांडा फिरवला की त्याची लांबी बदलते आणि चाके वळतात. ती काठी अण्णांनी स्वतः तासलेली होती.

त्या शनिवारी दुपारी तीन वाजता अण्णा पाच नंबर घेऊन आले. आठवड्यापूर्वी एका ओढ्यात ती दगडावर आपटली होती.

"मास्तर, हात लाव हितं. टायरावरनं भाईरनं आत ने."

हाताला रबराच्या धारा लागल्या.

"आता उलटा ने."

हात गुळगुळीत गेला.

"चाकं भाईर फाकल्यात," अण्णा म्हणाले. "तुझ्या पुस्तकात काय लिवलंय बघ."

मी मोजले. पुढचे अंतर मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त होते. मी दांड्याची टोके घट्ट धरणारे आवळे सैल केले आणि पाइप पान्याने दांडा फिरवू लागलो. दांडा फिरताना मध्ये झोल खात होता.

"थांब. दांडा वाकलाय."

"माप येतंय, अण्णा."

"येईल की. लांब करत गेलास तर कुणाचं बी येईल. पर आत आटे किती ऱ्हायलं?"

दोन्ही टोकांना आटे चकाकत बाहेर आले होते. आत किती उरले ते दिसत नव्हते. वाकलेला दांडा बदलावा, असे मॅन्युअलच्या पुढच्याच पानावर होते. ते पान मी वाचलेले होते. नवा दांडा पुण्याहून यायला चार दिवस लागले असते.

हवालदारसाहेब आले. "पाच नंबर उद्या सहाला निघणार का? हो की नाही, एवढंच सांग."

मी काठीकडे पाहिले. बरोबर आठवा भाग.

"निघेल, साहेब."

चार चाळीसला मी फिटनेसच्या कागदावर सही केली. अण्णांनी फडक्याला हात पुसले.

"मास्तरची सही झाली. आता चाकांची काय बिशाद!"

सकाळी सहाला तीन लॉऱ्या टेंभुर्णीच्या रस्त्याने निघाल्या. पलीकडच्या फायरिंग कॅम्पसाठी तंबू आणि पाण्याची पिंपे होती. पाच नंबर मध्ये होती. मी तिच्या मागच्या लॉरीत बसलो होतो. पाच नंबरच्या हौद्यात पिंपांवर तीन जवान होते.

आठ वीसला एका उतारावर, मोरीच्या अलीकडे, पाच नंबरची पुढची चाके दोन दिशांना गेलेली मला दिसली. दांड्याचे टोक आट्यांतून निसटले होते. अण्णांनी ब्रेक दाबला आणि खिडकीतून ओरडले, "उड्या मारा!"

तिघे उतरले. लॉरी मोरीच्या कठड्यावर गेली. आम्ही धावत पोचलो तेव्हा अण्णांचे पाय ब्रेकवरच होते. श्वास नव्हता.

चौकशी अर्धा तास चालली.

"माप किती होतं?"

"इंचाचा आठवा भाग, सर."

"करेक्ट," चौकशीचे साहेब म्हणाले, आणि यांत्रिक बिघाड असे लिहिले गेले. आट्यांचे कोणी विचारले नाही. मीही बोललो नाही.

अण्णांची पेटी घेऊन मी त्यांच्या गावी गेलो. त्यांच्या पत्नी चन्नव्वावहिनी ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी पेटी उघडली नाही.

"कशानं झालं?"

मी दांड्याचे सगळे सांगितले. साहेबांना न सांगितलेलेही.

"त्यास्नी दिसलं न्हवतं व्हय?"

"दिसलं होतं. त्यांनी सांगितलंही होतं."

"आन् तुमी?"

"मी माप बघितलं."

त्यांनी पेटी भिंतीकडे सरकवली. मग उठल्या. "जेवून जावा. लांब जायचंय तुमाला."

मी जेवलो. ज्वारीची भाकरी होती.

पुढची बारा वर्षे मी रिक्रूटांना हेच काम शिकवले. आधी दांडा खाली काढून सपाट फरशीवर लोळवून वाक बघायचा, काठी नंतर. पोरे कंटाळत. "उस्ताद, माप तर बरोबर आहे," म्हणत. मी म्हणे, "असू दे. काढा."

अण्णा लढाईत पडले नाहीत, म्हणून कोणत्याही दगडावर त्यांचे नाव नाही. चौकशीच्या कागदावर ते होते, त्याखाली माझे. काठी माझ्या पुस्तकांच्या कपाटात उभी आहे. खडू तिच्या खाचेत अजून आहे. नाईक मल्लप्पा, ड्रायव्हर, पाच नंबर. त्यांनी तिघांना उतरवले.