डाळिंबाच्या वड्या

माझ्या आजारात शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उलटतं. दूध, गहू, साखर बंद झाल्यावर आईने माझ्यासाठी डाळिंबाच्या रसात मध आणि जिलेटिन घालून वड्या करायला घेतल्या.

“आई, जिलेटिन जनावरांच्या हाडांपासून करतात,” मी सांगून टाकलं. आईने जन्मात कधी अंडंसुद्धा हातात धरलेलं नाही. रस ढवळणारा तिचा हात थबकला.

“तुला चालतं ना?” तिने विचारलं आणि पुन्हा ढवळू लागली.

संध्याकाळी फ्रिजमधून ताट काढलं. सकाळचा पातळ रस लालबुंद, थरथरता, पण घट्ट उभा होता. आईने वडी कापली, मला देण्याआधी कोपरा तोडून स्वतःच्या तोंडात टाकला.

“मध थोडा जास्त हवा होता,” ती म्हणाली.