डाव्या हाताची ट्यूब

बेडूकबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. तलावावर बायकांना पोहायला शिकवताना "बेडकासारखे पाय मारा, बेडकासारखे!" असं ती इतकी वर्षं ओरडत आली, की शेवटी नाव तिलाच चिकटलं. तिची शिकवण्याची तऱ्हाही एकच. तरंगायच्या फळ्या-बिळ्या नंतर, आधी छातीभर पाण्यात उभं राहून आपले दोन्ही हात पुढे करायचे, म्हणायचं 'धरा', आणि उलट्या पावलांनी चालू लागायचं. जन्मभर पाण्याला घाबरलेल्या बायका त्या हातांना धरून तरंगायला शिकल्या.

आणि दुखणं आलं ते नेमकं त्याच हातांवर. कोपरापासून मनगटापर्यंत लाल चट्टे, वर पांढरे पापुद्रे. सोरायसिस. हा एकाचा दुसऱ्याला लागत नाही, असं डॉक्टर कानीकपाळी ओरडून सांगत होते, पण एकीने तक्रार केलीच, की तो हात धरायची किळस येते. किळस! ज्या हाताच्या जिवावर तू बुडायची वाचलीस, त्याची किळस? तलावाचा मॅनेजर पडला गुळमुळीत माणूस. त्याने बाईला तिकिटाच्या खिडकीत नेऊन बसवलं. उन्हाळी वर्ग सुरू होईस्तोवर दोन्ही हात साफ झाले तर पाण्यात उतरा, नाहीतर खिडकी आहेच, असं वर गोड आवाजात सांगितलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण पाणी हवं होतं, म्हणून तिने मूग गिळले.

त्वचारोगाच्या इस्पितळात तेव्हा सोरायसिसच्या नव्या औषधावर संशोधन चाललं होतं. त्याच मजल्यावर सुरकुत्या घालवणाऱ्या क्रीमचंही चाललं होतं, आणि तिकडे ही भली मोठी रांग. वय बघून परिचारिकेने बेडूकबाईला तिकडेच पिटाळायला घेतलं. "सुरकुत्यांनी माझं काही अडवलेलं नाही," असं म्हणून ती दुसऱ्या दारात शिरली.

तिथल्या तरुण डॉक्टरणीने तिला दोन ट्यूब दिल्या, एक उजव्या हाताची, एक डाव्या हाताची. एकीत औषध, दुसरीत नुसतं मलम. कशात काय, ते डॉक्टरलाही ठाऊक नव्हतं. पोहायला मात्र डॉक्टरणीची ना नव्हती. बाई नेमाने मलम चोळू लागली, आणि बघता बघता उजवा हात निवळला. चट्टे फिके पडले, पापुद्रे गेले, खाज थांबली. डावा मात्र होता तसाच, ढिम्म.

घरी तिची धाकटी नणंद होती. वर्ग सुरू व्हायला आठवडा उरला, तशी तिने तोडगा काढला.

"वहिनी, उजवीकडची ट्यूब डाव्यालाही चोळ ना. कोण बघायला बसलंय?"

खोटं कशाला सांगा, बेडूकबाईला मोह झाला. चांगलाच झाला. बेसिनपाशी उभी राहून तिने टोपण काढलं, बोटावर मलम घेतलं, आणि तिला रडूच फुटलं, इतकं तिला पाण्यात जायचं होतं. पण डॉक्टरचं बोलणं काही डोक्यातून जाईना. दोन हातांतला फरक हाच आमचा पुरावा, ती म्हणाली होती. दोन्ही हात बरे झाले, तर साधं मलमही तेवढंच काम करतं असं आम्ही धरून चालू, आणि चांगलं औषध भंगारात जाईल. इस्पितळातल्या बाकावर तिच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसायचे. त्यांची बोटं इतकी फाटली होती, की सदऱ्याची बटणं बायकोला लावावी लागत. ते याच औषधाची वाट बघत होते. बाईने बोट पुसलं आणि टोपण लावलं.

नणंद भडकली. तुला जगाची एवढी काळजी, जगाला आहे का तुझी, म्हणाली. निदान लांब बाह्यांचा कॉस्च्युम तरी घाल, मी आणून ठेवलाय. तोवर बेडूकबाईचा पारा चढला होता, पण नणंदेवर नव्हे, मॅनेजरवर. साफ व्हा म्हणे! हात काय घाण आहेत साफ व्हायला? रोग आहे तो. इतके दिवस ती स्वतःच्या हातावर चिडत होती. त्या हाताने कुणाचं काय वाकडं केलं होतं?

वर्गाच्या पहिल्या दिवशी तिकिटाची खिडकी बंद होती. बिनबाह्यांच्या कॉस्च्युममध्ये बाई थेट पाण्यात उतरली आणि तिने दोन्ही हात वर केले.

"डाव्या हाताला सोरायसिस आहे. तो लागत नाही. पटत असेल तिने उतरावं, नसेल पटत तिने काठावर बसून पाय भिजवावेत."

कुणी हललं नाही. दोघीतिघी दुसरीकडेच बघू लागल्या. बाईने हात काही खाली घेतले नाहीत.

मग एक थोराड शिंपीणबाई पुढे आल्या. त्या पहिल्यांदाच पाण्यात उतरत होत्या. दुसऱ्याच पायरीवरून त्यांचा पाय सटकला, आणि धपकन पडता पडता त्यांनी हाती लागेल ते धरलं. लागला तो सावरायला पुढे आलेल्या बेडूकबाईचा डावा हात. इतका गच्च, की बेडूकबाई कळवळली.

तेवढ्यात मॅनेजर धावत आला. बाई, आत्ताच्या आत्ता बाहेर या, म्हणाला.

"येते की," बेडूकबाई म्हणाली. "आधी यांना माझा हात सोडायला सांगा."

त्याने सांगितलं. शिंपीणबाईंनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्या हाताकडे पाहिलं, आणि दुसराही हात त्यावरच ठेवला.